परमुलखी शिकवताना



अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात शिक्षक होऊ घातलेल्या मुलामुलींना काही आठवडे परदेशच्या शाळेत शिकवायला धाडतात. राहायचे तिथल्या एखाद्या कुटुंबात. ही राहण्याची गोष्ट मला फार मोलाची वाटते. नुसता प्रवास केला तर फोटो निघतात, दुसरे काय? पण परक्या घरी पाणी कसे मागावे, हेसुद्धा ज्याला त्या घरच्या लेकराला विचारावे लागते, त्याला वर्गात बावरलेले मूल बरोबर ओळखू येते.

त्याच विद्यापीठाची काही मुले त्यांच्याच देशातील नवाहो आदिवासींच्या शाळांत जातात. त्या लोकांत थोरांच्या डोळ्याला डोळा देणे बेअदबीचे मानीत आले आहेत. नव्या मास्तरला वाटावे, पोर लक्षच देत नाही! आपल्याला याचे नवल नको. आपल्याकडेही थोरांपुढे मान खालीच असे.

इथे डहाणूच्या वर्गात वारली बोलणारे पोर गप्प बसले, की ते 'ढ' ठरते. आपल्या पदविकेच्या मुलींना परदेश कुठला परवडणार? पण महिनाभर पाड्यावर, एखाद्या घरी राहून त्यांनी शिकवावे. दोघींचा खर्च मंडळाने उचलावा, अशी माझी सूचना आहे.