सिनेमातलं लग्न आणि आईला केलेला फोन



गटाच्या बैठकीत बचत जमा झाली, रजिस्टरवर सह्या झाल्या, की गप्पा कुठे जातात हे तुम्हाला सांगायला नको. सिरियल निघते, सिनेमा निघतो. त्यात एक तक्रार हमखास ऐकू येते, "गाणी मस्त होती बाई, पण पिक्चर पाहून मन नाही भरलं." आज या तक्रारीवरच बोलू या. प्रेमाचे सिनेमे आपली निराशा का करतात?

आपल्याला दोन भाषांचे सिनेमे सारखेच कळतात. गोंदियाच्या एका बाजूला बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड, त्यामुळे हिंदी आपल्या कानावरची. म्हणून एकाच गोष्टीचे मराठी आणि हिंदी असे दोन सिनेमे शेजारी ठेवून पाहू.

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' 29 एप्रिल 2016 ला आला. आपल्याकडे तेव्हा लग्नसराई असते आणि तेंदूपत्त्याचे दिवस जवळ आलेले असतात. ज्या बायांनी टॉकीजचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यांनीही तो मोबाइलवर नाही तर टीव्हीवर पाहिला. गोष्ट सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा भागातली. आर्ची पाटलाची मुलगी. ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते. परश्या मासेमारी करणाऱ्या घरचा. आपल्याकडे तलाव-बोड्यांवर ढिवर समाजाची माणसं जाळं टाकतात, तसंच त्याचं घर. दोघं पळून हैदराबादला जातात.

तिथून पुढचा भाग अनेकींना आवडला नाही. "पहिला अर्धा चांगला, मग कंटाळा आला," असं म्हणणाऱ्या मला कितीतरी भेटल्या. मला मात्र तोच भाग मोलाचा वाटतो. झोपडपट्टीतली खोली, तिथला वास, अनोळखी भाषा. आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात कामाला जाते, परश्या डोशाच्या गाडीवर राबतो. भांडणं होतात. तो संशय घेतो, हात उचलतो, ती निघून जाते आणि परत येते. हे सगळं आपण आपल्या आजूबाजूला पाहिलेलं आहे. सिनेमात ते पाहायची सवय नव्हती, म्हणून ते लांबलं असं वाटलं. एरवी सिनेमा लग्नापाशी संपतो. आपला संसार तर लग्नापासून सुरू होतो.

आता दुसरा सिनेमा. याच गोष्टीवर हिंदीत 'धडक' आला, 20 जुलै 2018 ला, ऐन रोवणीच्या दिवसांत. जान्हवी कपूर आणि ईशान खट्टर. गाव बदलून राजस्थानातलं उदयपूर झालं, पळून जायचं शहर कोलकाता झालं. अजय-अतुल यांचं संगीत तेच, 'झिंगाट'ही हिंदीत आलं. सिनेमानं पैसा कमावला. पण 'सैराट' पाहिलेल्या बाया म्हणाल्या, "काहीतरी राहिलं."

काय राहिलं? मुख्य म्हणजे जात राहिली. 'सैराट'मध्ये जात पाणवठ्यावर आहे, शाळेत आहे, बोलण्यात आहे. आर्चीचा भाऊ शिकवणाऱ्या सरांना थोबाडीत मारतो आणि वर त्याचं कौतुक होतं. 'धडक'मध्ये मुलीचा बाप निवडणुकीचा माणूस, मुलाच्या बापाचं हॉटेल. भांडण श्रीमंतीचं आणि खुर्चीचं वाटतं. जातीचा उल्लेख जाता जाता येतो. गरिबीचे दिवसही लवकर सरतात. 'सैराट' तीन तासांना थोडा कमी, 'धडक' त्याहून अर्ध्या तासानं लहान. जे काढलं, त्यातच जीव होता. शेवटी खून होतो, तेव्हा पाहणारीला कळत नाही की एवढा राग कुठून आला. कारणच दाखवलं नाही, तर रडू तरी कसं येणार?

म्हणून माझं म्हणणं असं आहे, मैत्रिणींनो. सिनेमाचा शेवट गोड नाही म्हणून निराश होणं वेगळं आणि सिनेमानं खरं लपवलं म्हणून निराश होणं वेगळं. पहिल्या निराशेत सिनेमाचा दोष नाही. दुसऱ्या निराशेत आहे.

आणखी एक जुना सिनेमा आठवा. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे', 1995 चा. त्यात सिमरनची आई दागिने आणून देते आणि सांगते, हिला घेऊन जा. नायक नाही म्हणतो. बापाची परवानगी मिळाल्याशिवाय नेणार नाही म्हणतो. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, किती संस्कारी मुलगा! पण आईनं परवानगी दिलीच होती की. तिचा शब्द मोजला गेला नाही. शेवटी बाप हात सोडतो, तेव्हाच मुलगी धावते.

आता 'सैराट'मधली आई पाहा. मूल झाल्यावर आर्ची कोणाला फोन करते? आईला. बापाला नाही, भावाला नाही. आणि काही दिवसांनी भाऊ माणसं घेऊन दारात येतो, आईनं दिलेल्या भेटवस्तू घेऊन. आर्ची खुशीत त्यांना चहा करते. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. त्या आईला काय माहीत होतं, तिनं पत्ता कोणाला सांगितला, सांगितला की तिच्याकडून काढून घेतला, हे सिनेमा दाखवत नाही. पण आपण आया आहोत. हा प्रश्न आपण सोडू नये.

आपल्या गावातही 'झिंगाट' वाजल्याशिवाय वरात पुढे सरकत नाही. मंडईत पाहुणे जमतात, सोयरीक निघते, ती जातीतच निघते. मुलगी कोणाशी बोलते हे कळलं की पहिले तिचा मोबाइल काढून घेतात, मग कॉलेज बंद करतात, मग घाईनं स्थळ पाहतात. कधी कधी तर तिचं वयही पाहत नाहीत.

म्हणून दोन-तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. मुलीचं लग्नाचं वय 18, मुलाचं 21. त्याआधीचं लग्न हा गुन्हा आहे, मग ते आईबापानं ठरवलेलं असो की पोरांनी पळून केलेलं. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाची जबाबदारी असते. मुलांसाठी 1098 हा नंबर आहे. वय पूर्ण असेल, तर आपल्या मर्जीनं लग्न करायला घरच्यांची किंवा जातपंचायतीची परवानगी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 27 मार्च 2018 ला हे स्पष्ट सांगितलं आणि अशा जोडप्यांना संरक्षण द्यायला सरकारांना बजावलं. म्हणजे 'धडक' यायच्या चार महिने आधी. धोका वाटला तर पोलिसांचा 112 आणि महिलांसाठी 181 हे नंबर आहेत. आंतरजातीय विवाहाला राज्याची 50,000 रुपयांची मदतही आहे. तिच्या अटींची चौकशी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करा.

मी कोणाला पळून जा म्हणत नाही. पळून जायची वेळच का येते, ते विचारते आहे. घरात एक माणूस जरी ऐकून घेणारं असलं, तर बऱ्याच मुली रात्रीच्या गाडीत बसणार नाहीत. चुकीचा मुलगा असेल, तर तेही तिला आईच सांगू शकते, पण आधी तिचं सगळं ऐकून.

पुढच्या बैठकीत एक करा. हप्त्याचं काम झालं की 'सैराट'वर गप्पा काढा. कॉलेजात जाणाऱ्या मुलींनाही बसवा. त्यांना दोनच गोष्टी विचारा. आर्चीच्या जागी तू असतीस तर फोन कोणाला केला असतास? आणि तो फोन आला असता, तर त्या आईनं काय करायला हवं होतं? मग गप्प बसा आणि मुलींना बोलू द्या. काय बोलल्या ते आम्हाला नावं न लिहिता कळवा. पुढच्या वेळी त्यावरच बोलू.