पाच हात, पाच मुठी



कृष्णाकाठच्या वाईत स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्व शिक्षकांचे स्वागत करते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे काम याच गावात उभे केले. जवळच मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. मध्ययुगीन इतिहासातले शब्द मुलांना कसे शिकवावेत, हा या परिषदेचा विषय. त्यावर बोलायला याहून चांगली जागा मला तरी सुचली नसती.

मी अनेक वर्षे सातवीला इतिहास शिकवला. सुरुवातीला इतर सगळ्यांप्रमाणे मीही फळ्यावर शब्दार्थ लिहून देत असे. एकदा एका मुलीने ‘वतन’चा अर्थ परीक्षेत बिनचूक लिहिला आणि नंतर मला विचारले, “बाई, सिनेमाच्या गाण्यातलं वतन ते हेच का?” तिच्या मनात वतन म्हणजे देश होता. वंशपरंपरेने चालणारा हक्क तिने फक्त पाठ केला होता. त्या दिवशी मला कळले, शब्द आधी हाताला कळला पाहिजे. वहीत तो नंतर जावा.

म्हणून मी काठीपासून सुरुवात केली. शिवाजी महाराजांच्या काळातल्या जमीनमोजणीचे माप कृष्णाजी अनंत सभासदाने बखरीत नोंदवले आहे. काठी पाच हात आणि पाच मुठींची. अशा वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद जमीन म्हणजे एक बिघा, आणि 120 बिघ्यांचा एक चावर. मी मुलांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला आपल्याच हातामुठींनी काठी मापायला लावली. सगळ्या काठ्या निराळ्या भरल्या! मग भांडण. खरी काठी कोणाची? हात चौदा तसूंचाच धरावा असे सरकारला का ठरवावे लागले, ते मला सांगावे लागलेच नाही. बिघा आखायला मैदान मात्र पुरत नाही, तेव्हा एक बाजू आखून थांबावे.

‘चौथ’ आणि ‘सरदेशमुखी’साठी शंभर चिंचोके पुरतात. हा मुलखाचा महसूल. त्यातले पंचवीस चौथाईचे, दहा सरदेशमुखीचे. समोरचे पस्तीस चिंचोके उचलून नेताना पाहिले की हे हक्क देणाऱ्या 1719 च्या सनदांचे मोल मुले स्वतःच सांगू लागतात.

किल्ल्याचे शब्द तर आपल्या मुलांच्या अंगणातच आहेत. दिवाळीत मातीचा किल्ला करणारी मुले जगात आणखी कुठे असतील? तो किल्ला शाळेत आणावा. राजगड करायचा तर पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या आणि वर बालेकिल्ला. ओल्या तटात पेन्सिलीने तिरके भोक पाडले की जंगी तयार. आतून खालचा शत्रू दिसतो, बाहेरून आतला माणूस दिसत नाही. मोठ्या दरवाजात पुठ्ठ्याची दिंडी कापली की एकेकानेच वाकून आत का यायचे, तेही उमगते.

गडाचा कारभार मात्र वर्गात माणसांनीच उभा करावा. एक हवालदार, एक सरनोबत, एक सबनीस आणि कोठारावर कारखानीस. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे, लोक सरनोबताच्या हाताखाली, हजेरी सबनिसाकडे. मग ‘शत्रू’ गटाने यांतल्या एकालाच फितवून पाहावे. अधिकार असे वाटलेले असल्याने गड हाती येत नाही. आणि कोठार सांभाळणारा कारखानीस पाहिला की ‘कारखाना’ म्हणजे धूर सोडणारी गिरणी नव्हे, हे मुलांना पुन्हा शिकवावे लागत नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. आपल्या हजेरीपटावर देशमुख, कुलकर्णी, चिटणीस, पोतनीस आहेत आणि बलुतेदारांची मुलेही आहेत. गावगाडा उभा करताना आडनाव पाहून भूमिका देऊ नका. चिठ्ठ्या टाका. पाटलाच्या मुलाने कुंभार व्हावे, चर्मकाराच्या मुलीने न्यायनिवाडा करावा. बलुते हा शब्द शिकवताना कोणाचे काम कोणावर जन्माने लादले गेले, हेही स्पष्ट सांगा. ते गाळून शिकवलेला गावगाडा खोटा आहे.

अभ्यासक्रम पुरा होत नाही, ही तक्रार मला ठाऊक आहे. मीही ती केली आहे. पण रघुनाथपंत हणमंत्यांच्या देखरेखीखाली ‘राज्यव्यवहारकोश’ रचला गेला, तो राज्य चालवताना शब्द लागतात म्हणून. मुलांनाही शब्द लागावेत असे काम आपण वर्गात निर्माण केले, तर त्यात गेलेली तासिका वाया गेली असे मी मानत नाही.

राहण्या-जेवणाच्या व्यवस्थेत काही उणे दिसले तर आम्हाला हक्काने सांगा. उद्या सकाळी सात वाजता आपण मेणवलीच्या वाड्याकडे निघू. नदीकाठी गटांनी मोजणी करायची आहे. सुतळी आणि बांबू आम्ही आणून ठेवले आहेत. काठी मात्र प्रत्येक गटाने आपल्या हातांनी मापून आणायची.