स्कूटर बंद का पडते?

आज पापड-लोणच्याबद्दल नाही, गाडीबद्दल बोलू या.

आमच्या गटाकडे कार्बोरेटरची एक जुनी स्कूटर आहे. माल बाजारात न्यायचा, हप्ता बँकेत भरायचा, सगळं तिच्याच जिवावर. पावसाळ्यानंतर ती रुसायला लागली. घरून नीट निघायची, दोन-तीन किलोमीटरवर गचके खाऊन बंद पडायची. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू! एकदा ऐन हप्त्याच्या दिवशी कॅनॉलच्या पुलावर बसली. पिशवीत गटाचे पैसे, संध्याकाळ झालेली, रस्त्याला माणूस नाही. हप्ता तर चुकलाच, पण घरी पोचेपर्यंत आमच्या जिवात जीव नव्हता.

मिस्त्रीनं प्लग बदलला. फरक पडला नाही, तेव्हा म्हणाला, "कार्बोरेटर गेला, नवा टाका." आमच्या एक ताई म्हणाल्या, "थांबा, आधी पेट्रोल येतंय का ते तर बघू."

अशा बऱ्याच स्कूटरना आणि काही मोटरसायकलींना पेट्रोलचा कॉक हातानं फिरवावा लागत नाही. इंजिन चालू झालं की ते हवा ओढतं, आपण शहाळ्यातलं पाणी नळीनं ओढतो तसं. ही ओढ एका बारीक रबरी पाइपातून कॉकपर्यंत जाते. कॉकच्या आत रबराचा पातळ पडदा असतो. तो ओढला गेला की पेट्रोलची वाट उघडते. इंजिन थांबलं की स्प्रिंग ती वाट बंद करते. पाइपाला चीर गेली की ओढ कमी पडते, पेट्रोल थेंब थेंब येतं. कार्बोरेटरमधला साठा संपला की गाडी बंद.

आम्ही तपासणी केली ती अशी. गाडी उघड्या अंगणात, चुलीपासून लांब आणि पूर्ण थंड. जवळ कोरड्या वाळूची बादली. सीटखालचा डबा काढला. पेट्रोलचा पाइप कार्बोरेटरच्या बाजूनं सोडून काचेच्या बाटलीत धरला. बारीक पाइप इंजिनाच्या बाजूनं सोडला आणि त्याला बिनसुईची इंजेक्शनची सिरिंज लावली. तोंडानं ओढू नका, पेट्रोल पोटात जाईल. पाइप सुटे असताना स्टार्टरही मारू नका, ठिणगी पडते.

सिरिंज ओढली की बाटलीत पेट्रोलची धार लागायला हवी आणि सोडली की थांबायला हवी. आमची सिरिंज ढिली ओढली जात होती, धार नव्हतीच. मग सिरिंज चांगल्या पाइपाच्या तुकड्यानं थेट कॉकला लावली, तर धार लागली! म्हणजे कॉक चांगला, जुना पाइप टोकाशी चिरलेला. तेवढाच पाइप बदलला. तेव्हापासून गाडी वाटेत थांबलेली नाही.

बारीक पाइपातून पेट्रोल टपकलं तर मात्र समजा, पडदा फाटलाय. मग पेट्रोल सरळ इंजिनात जातं, धूर काळा येतो, ऑइललाही पेट्रोलचा वास येतो. अशी गाडी चालवू नका. पडद्याला गोंद लावू नका, पेट्रोलमध्ये तो टिकत नाही. पडद्याचा संच मिळाला तर तो, नाहीतर आख्खा कॉक बदला आणि ऑइलही बदला.

कुणी म्हणेल, "हाताचा साधा कॉक बसवून टाकू." बसवला तर गाडी थांबवली की तो आठवणीनं बंद करावा लागेल. इंजिनाकडची बारीक पाइपाची मोकळी नळीही घट्ट बुजवायला हवी, नाहीतर तिथून हवा शिरेल.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. त्यानंतरच्या बहुतेक स्कूटरना कार्बोरेटर नाही, त्यांना ही तपासणी लावू नका. पण गावात जुन्या गाड्या अजून पुष्कळ आहेत.

मिस्त्रीकडे जरूर जा, मैत्रिणींनो. फक्त "गाडी बिघडली" एवढंच सांगू नका. "व्हॅक्यूमचा पाइप आधी बघा" असं सांगा, आणि तो बघेपर्यंत तिथंच उभ्या राहा.