कातळाचे छायाचित्र आणि त्याखालची ओळ

(कणकुंबी येथे अध्यापक व विद्यार्थ्यांसाठी झालेल्या लेखन-छायाचित्रण वर्गातील भाषण)



मी साहित्याचा अध्यापक आहे. कॅमेरा हौसेने वापरतो. त्यामुळे भिंगांविषयी आणि यंत्रांविषयी माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. तंत्राचे दोन शब्द बोलेन, तेही भाषेकडे जाण्यापुरते.

काल आणि आज आपण इथल्या पठारांवर हिंडून काढलेली छायाचित्रे समोरच्या भिंतीवर लावली आहेत. चित्रे चांगली आहेत, काही तर फारच चांगली आहेत. त्यांच्याखाली तुम्ही लिहिलेल्या ओळी मी वहीत उतरवून घेतल्या. ‘निर्जन’. ‘ओसाड सौंदर्य’. ‘जणू मंगळ ग्रह’. ‘आमचे ग्रँड कॅन्यन’. आज मला या ओळींविषयी बोलायचे आहे.

दूरची वाळवंटे आणि चित्रविचित्र खडक यांचे छायाचित्रण ही आता एक रूढ शैली झाली आहे. मोठे आभाळ, मोठा खडक आणि माणसाचा मागमूस नाही. या शैलीचे एक मूळ अमेरिकेच्या पश्चिम भागात झालेल्या सरकारी पाहण्यांमध्ये सापडते. टिमथी ओसलिव्हन नावाचा छायाचित्रकार अशा पाहणीबरोबर हिंडत होता. १८७३ साली त्याने कॅन्यन द शे या दरीतील उभ्या कड्याचे आणि कड्यातल्या जुन्या घरांचे चित्र घेतले. ते पुढे फार गाजले. त्यात माणसे आहेत, पण ती शोधावी लागतात. त्या दरीत तेव्हा नवाहो लोक राहत होते, शेती करीत होते, आजही करतात. पाहणाऱ्याच्या मनात मात्र उरतो तो कडा. चित्र खोटे नाही. चौकट कुठे संपवायची हा छायाचित्रकाराचा हक्कच आहे. पण चौकटीबाहेर राहिलेल्याला ‘नाही’ म्हणण्याचे काम चित्र करीत नाही, ते त्याखालची ओळ करते.

मराठीत तर हे आणखी अवघड आहे. ‘वाळवंट’ हाच शब्द घ्या. भूगोलाच्या पुस्तकात आपण थरचे वाळवंट, सहाराचे वाळवंट म्हणतो आणि ओसाड, निर्जल प्रदेश डोळ्यांसमोर आणतो. पण वारकऱ्याला वाळवंट म्हणा, त्याच्यासमोर पंढरपूर येईल. चंद्रभागेचे वाळवंट म्हणजे नदीकाठची वाळू, आणि तिच्यावर दिंड्या, पताका, कीर्तन, पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी. इथून चोर्ला घाट उतरून गेलात की साखळीला जी नदी लागते तिचे नावच वाळवंटी. एकाच शब्दात निर्जळ मुलूखही आहे आणि नदीही. भाषांतर करणाऱ्यांची यात पंचाईत होते खरी. मला मात्र ती या शब्दाची श्रीमंती वाटते.

आता आपल्या पायाखालच्या दगडाकडे येऊ. आपण ज्यावर चाललो तो जांभा. उष्णता आणि भरपूर पाऊस यांच्यामुळे मूळ खडकातली सिलिका वाहून जाते, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतात, आणि हा सच्छिद्र, तांबडा दगड तयार होतो. खाणीतून काढताना तो तुलनेने मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. फ्रान्सिस बुकानन याने केरळात तो पाहिला, लोक त्याच्या विटा पाडतात हे पाहिले आणि विटेच्या लॅटिन शब्दावरून १८०७ साली त्याला ‘लॅटराइट’ असे नाव दिले. जगाच्या भूशास्त्राला मिळालेले हे नाव म्हणजे आपल्याकडच्या चिरेखाणीतल्या गवंड्याच्या ज्ञानाची नोंद आहे. कोकणात या दगडाच्या सपाट विस्ताराला सडा म्हणतात, घाटावर पठार किंवा माळ. उघड्या खडकाला कातळ म्हणतात. त्यातून कापून काढला की तो चिरा होतो. दगड एकच, पण त्याच्याशी आपला व्यवहार बदलला की नाव बदलते.

तंत्राचे दोन शब्द इथे बोलतो. दुपारी बारा वाजता काढलेले कातळाचे चित्र सपाट येते, कारण ऊन सरळ वरून पडते आणि छिद्रांना सावलीच राहत नाही. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर तिरपे ऊन आले की प्रत्येक खळगा उठून दिसतो. दुसरे असे, की कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे सगळे जग मध्यम करडे आहे असे धरून चालतो. त्यामुळे काळपट कातळ त्याच्यावर सोपवला तर राखाडी होतो आणि पांढरी वाळू सोपवली तर मळकट. काळ्यासाठी प्रकाश थोडा कमी करावा लागतो, पांढऱ्यासाठी थोडा वाढवावा लागतो. मोबाइलमध्येही ही सोय असते. आपण न सांगता यंत्रावर सोपवले की ते सगळ्याला सरासरी रंग देते. ‘निर्जन’, ‘ओसाड’ हे शब्दही मला असेच सरासरीचे वाटतात.

काल आपल्यातल्या एका विद्यार्थिनीने गुरे राखणाऱ्या एका काकांना विचारले, “काका, या माळावर काहीच नाही का हो?” काकांनी तिला पाऊण तास फिरवले. कोणत्या खळग्यात पावसानंतरही पाणी टिकते, म्हशी कुठे बसतात, कोणत्या भेगेत साप असतो, जुनी वाट कुठून उतरते, सगळे दाखवले. तिच्या चित्राखाली तरीही ‘शून्य’ असे लिहिले आहे! (ती हसते आहे, म्हणजे रागावलेली नाही.)

आठ महिने हे पठार वाळवंटासारखे दिसते हे मला मान्य आहे. मातीचा थर बोटभरही नाही, पाणी टिकत नाही, खडक तापतो. पण पावसाळ्याच्या शेवटी अशाच पठारांवर गेंद फुलतो, सीतेची आसवे फुलतात, किडे खाणारी दवबिंदू वनस्पती उगवते. या झाडांना खोल मातीपेक्षा हा उथळ, ओला कातळच मानवतो. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेले ते अशाच जैवविविधतेसाठी. त्याच कासचे मार्चमधले चित्र पाहिले तर उघडा खडक दिसेल.

हे सगळे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे, की आपल्या देशातल्या कातळाचे सर्वांत मोठे छायाचित्र तुम्ही-मी काढत नाही. ते उपग्रह काढतो. केंद्र सरकारतर्फे उपग्रहचित्रांच्या आधारे पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध होतो. त्यात ‘नापीक खडकाळ क्षेत्र’ असा एक वर्ग आहे. प्रशासनाला वर्गवारी लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ही चित्राखालची ओळच आहे, आणि तिच्यावरून जमिनीचे भवितव्य ठरू शकते. २०२३ साली राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले आणि गावकऱ्यांनी विरोध केला. त्या वादाच्या गुणदोषांत इथे शिरत नाही. मात्र जमीन बहुतांशी ओसाड आहे असे एका बाजूने म्हटले जात होते, आणि त्याच सड्यावर कातळशिल्पे आहेत.

कातळशिल्पांची गोष्ट आपल्या विषयाला फारच जवळची आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी रत्नागिरी जिल्ह्यातले सडे पायी पालथे घालून मोठ्या संख्येने ही खोदचित्रे उजेडात आणली. त्यांनी गावकऱ्यांना, गुराख्यांना विचारले. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. जमिनीवर उभे राहून तो चौकटीत मावत नाही. उंचावरून किंवा ड्रोनने टिपल्यावर तो जगाला दिसला. पण तो तिथे आहे हे सांगायला सड्यावर पायाने चालणारा माणूसच लागला. गोव्यात कुशावती नदीकाठच्या पणसायमळची शिल्पेही १९९३ साली अभ्यासकांना कळली ती स्थानिकांकडून. २०२२ साली कोकणातील अशी नऊ स्थळे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पणसायमळ त्यांत आहे, बारसूही आहे.

शब्दांकडे परत येतो. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रात पाण्याच्या भोवऱ्यात दगडगोटे फिरून फिरून काळ्या पाषाणात खोल खड्डे कोरले गेले आहेत. त्यांना आपण रांजणखळगे म्हणतो. पाणी साठवायचा घरातला रांजण उचलून कुणीतरी नदीत नेऊन ठेवला! आकारही कळला, खोलीही कळली. राजगडावरच्या कड्यातल्या आरपार भोकाला नेढे म्हणतात, सुईच्या नेढ्यावरून. आणि रतनगडाजवळची सांदण घळ? तिच्या चित्रांखाली हल्ली अमेरिकेतल्या दरीचे नाव टाकायची पद्धत पडली आहे. ‘घळ’ या एका अक्षरजोडीत अरुंदपणा, खोली आणि ओल तिन्ही आहेत. ते उसने नाव कशासाठी हवे, मला कळत नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या आजीला यांतले शब्द येतात, आईला थोडे येतात, तुम्हाला यायचे राहिले आहेत. सीमाभागात आपण भाषेच्या हक्काबद्दल पुष्कळ बोलतो, आणि बोललेच पाहिजे. परंतु पायाखालच्या दगडाचे नाव आपल्याला ठाऊक नसेल तर ते कोणत्याही कार्यालयाच्या परिपत्रकाने येणार नाही.

उद्या सकाळी माउलीच्या देवळापासून आपण पुन्हा निघू. मलप्रभा इथे उगम पावते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळेपर्यंत सुमारे ३०० किलोमीटर जाते. वाटेत सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाला ती वालुकाश्माची भिंत चिरते, पुढे तिच्याच काठी पट्टदकल आणि ऐहोळे आहेत. ते मुलूख पुढच्या वर्षी पाहू. उद्या फक्त हे पठार. प्रत्येकाने पाचच चित्रे काढायची. प्रत्येकाखाली तीन गोष्टी लिहायच्या: जागेचे गावात चालणारे नाव, त्या दगडाचा किंवा खळग्याचा शब्द, आणि तो कोणी सांगितला. सांगणाऱ्याचे नाव त्यांना विचारल्याशिवाय लिहायचे नाही. शब्द मिळाला नाही तर जागा कोरी ठेवा. दुपारी जेवणानंतर त्या कोऱ्या जागा घेऊन आपण गावात जाऊ.