राजदूत, हापूस आणि लासलगाव

राजदूताच्या कामात आंबाही येतो. भारतीय राजदूत रोनेन सेन यांची कारकीर्द मॉस्को, बर्लिन, लंडन अशा राजधान्यांतून वॉशिंग्टनला पोहोचली. तिथे ते 2004 ते 2009 या काळात होते, आणि तेव्हा भारत-अमेरिका अणुकराराची चर्चा सर्वांच्या तोंडी होती. पण त्याच काळात एक छोटा, गोड प्रश्नही सुटला.

भारतीय आंब्याला अमेरिकेची दारे सुमारे 18 वर्षे बंद होती. अडचण फळमाशी आणि कोयीतल्या भुंग्याची. मार्च 2006 मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश भारतात आले, तेव्हा आंब्याला वाट देण्याचे ठरले. मात्र गॅमा किरणांचा किमान 400 ग्रे मारा करूनच.

हे काम झाले नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावात! कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले 'कृषक' केंद्र इथे आंब्याच्या कामी आले. एप्रिल 2007 मध्ये हापूस आणि केशरच्या पहिल्या पेट्या न्यूयॉर्कला उतरल्या. त्याच सुमारास भारतानेही हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींच्या आयातीचा मार्ग मोकळा केला.

अशा यशात राजदूताइतकाच वाटा कीडतज्ज्ञांचा, तपासनिसांचा आणि बागायतदारांचा असतो, आणि तो मोकळेपणाने सांगायला हवा. विमानभाड्यामुळे अमेरिकेत हा आंबा आजही महागच पडतो.