एक घंटा आणि एक जमीन
(महोत्सवानिमित्त स्वारगेट येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी पूर्वजांचे स्मरण करावे, अशी आपली रीत आहे. देऊळमाता उभी राहिली कशी, तिला वर्गणी कोणी दिली, हे इतर वक्ते सांगतीलच. आम्ही आपणापुढे दोनच वस्तू ठेवणार आहोत : एक घंटा आणि एक जमीन. दोन्ही या स्वारगेटहून फार दूर नाहीत.

येथून साताऱ्याच्या रस्त्याने निघावे व कात्रजचा घाट ओलांडावा, म्हणजे पुढे नसरापूर लागते. तेथे नानासाहेब पेशव्यांच्या काळी बांधलेले बनेश्वराचे मंदिर आहे. त्या मंदिरातील घंटेवर क्रूसाची आकृती असून १६८३ हे साल कोरलेले आहे. महादेवाच्या दारी क्रूस आला कोठून? इ. स. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांपासून वसई जिंकली, आणि तेथील चर्चच्या घंटा विजयाच्या खुणा म्हणून घाटावर आल्या. भीमाशंकरास व वाईजवळ मेणवलीसही अशा घंटा आहेत.

आता जमिनीकडे वळू. येथून चालत निघाले तर तासाभराच्या आत नाना पेठेतील सिटी चर्च येते. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडील पुष्कळ ख्रिस्ती शिपाई व अंमलदार चाकरीस होते. त्यांना मिस्सा ऐकण्यास जागा नव्हती. त्यांच्यापैकी दों मिगेल द नोरोन्या या अधिकाऱ्याच्या विनंतीवरून सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ साली चर्चसाठी जमीन दिली. देणारे पेशवे त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे होते, आणि वसई जिंकणाऱ्या चिमाजी आप्पांच्या भावाचे ते पणतू होत. आरंभीच्या साध्या वास्तूच्या जागी पुढे १८५२ साली पक्के मंदिर झाले. पुणे शहरातील कॅथोलिक उपासनेचा उगम तो.

बंधूंनो, ज्या घराण्याने घंटा नेल्या, त्याच घराण्याने त्रेपन्न वर्षांनी जमीन दिली. आपल्यापैकी काहींना घंटाच तेवढ्या आठवतात, व त्यांचे मन कडू होते. काहींना जमीनच आठवते, व सारे गोडच होते असे ते म्हणतात. दोघेही अर्धाच वारसा सांभाळतात. युद्ध झाले, हे खरे. आणि आपले पूर्वज परके म्हणून नव्हे, तर याच राज्याचे इमानी चाकर म्हणून येथे राहिले, हेही खरे. शिवाय एक गोष्ट विसरू नका. त्या घंटेवरचा क्रूस आजवर कोणी घासून टाकलेला नाही. ज्यांनी तो जतन केला, ते आपले शेजारीच होत. त्यांचे ऋण आपण कधी मानले काय?

आणि आपण स्वतः काय जतन केले? येथे आमचा अपराध कबूल करणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी एक वृद्ध गृहस्थ कागदांचे गाठोडे घेऊन आमच्याकडे आले. कागद मोडीत होते. पूर्वजांच्या लष्करी चाकरीचे असावेत, असे ते म्हणाले. आम्हांस मोडी येत नव्हती, व सणाची गडबड होती. "बाबा, सण आटोपल्यावर या," असे आम्ही सांगितले. ते पुन्हा आले नाहीत. त्यांच्या अंत्यविधीनंतर आम्ही चौकशी केली, तेव्हा घर रिकामे करताना गाठोडे रद्दीत गेल्याचे कळले. त्यात काय होते, हे आता कोणासही कळणार नाही. परक्यांनी आपली घंटा सांभाळली. आम्हांस आपल्याच माणसाचे गाठोडे सांभाळता आले नाही!

म्हणून या महोत्सवी वर्षात आमचे एकच मागणे आहे. घरोघरी पेट्या उघडा. जुनी पत्रे, विवाहाचे दाखले, तसबिरी बाहेर काढा; तसबिरीच्या पाठीमागे नावे लिहा. आजी-आजोबांजवळ बसा, आणि ते सांगतील ते उतरून घ्या. मोडी जाणणारे या पुण्यात आजही आहेत. ते ख्रिस्ती नसले तरी त्यांच्या दारी जाण्यास संकोच करू नका. आमचे दार आता सणाच्या दिवशीही उघडे राहील.

वारसा ही आपली कमाई नव्हे, ती ठेव आहे. आणि ठेवीचा हिशेब परमेश्वर मागतोच. तो देण्याचे बळ तो आपणां सर्वांस देवो. आमेन.