उन्हाळ्यातील रात्रीचे जेवण आणि थंड शेगडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला "उन्हाळ्याच्या स्वयंपाकावर चार शब्द बोला" असे सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, व्याख्यानाची सवय नाही. पण त्या म्हणाल्या, "नागपूरचे पंचवीस उन्हाळे ओट्यापाशी काढलेत ना? तेवढे शिक्षण पुरे आहे." तेव्हा जे हाताने केले आहे तेवढेच सांगते.

आपल्याकडचा उन्हाळा कसा असतो हे तुम्हांला सांगायला नको. २०१३ सालच्या मे महिन्यात नागपूरला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. नवतपा लागला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पण भगिनींनो, दुपारचे ऊन आपण दारे-खिडक्या लावून कसेबसे काढतो. खरा जाच असतो तो संध्याकाळी सात ते नऊ. दिवसभर तापलेला स्लॅब सूर्य मावळल्यावर ती उष्णता खाली घरात सोडू लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी आपण शेगडी पेटवतो. पंखा लावला तर ज्योत फडफडते, म्हणून पंखा बंद. कूलर बैठकीत, तिथे घरची मंडळी बसलेली. आणि ओट्यापाशी बाई, तव्यावर एकामागून एक पोळी टाकीत उभी. आठ माणसांच्या पोळ्या म्हणजे पाऊण तास आच लागते. भाजीची फोडणी आणि कुकरची वाफ वेगळीच.

हे सगळे आपण इतकी वर्षे करीत आलो आहोत की त्यात काही वावगे आहे असे वाटतच नाही. २०१९ सालच्या मे महिन्यात आमच्या घरी एक प्रसंग घडला. माझी धाकटी जाऊ रात्रीच्या पोळ्या करीत होती. एकाएकी तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खाली बसताना तिचा हात तव्याला लागला. मनगटापासून वर चार बोटे भाजले. डॉक्टर म्हणाले, घामावाटे पाणी आणि मीठ गेले, ते भरून निघाले नाही, आणि वर आचेपाशी उभे राहणे झाले. वेळीच बसली म्हणून निभावले. त्या रात्री आमच्या सासूबाईंनी एकच वाक्य उच्चारले, "उद्यापासून मृग लागेपर्यंत या घरात रात्री तवा ठेवायचा नाही." मामंजी जन्मभर गरम फुलक्याचे शौकीन. तेही गप्प राहिले.

तवा नाही म्हणजे उपास नव्हे. सासूबाईंनी आणि आम्ही दोघी जावांनी मिळून जी रीत बसवली ती अशी.

पहिली गोष्ट, आचेचे काम पहाटे. साडेपाच ते साडेसात ही उन्हाळ्यातली त्यातल्या त्यात थंड वेळ. दोन्ही वेळच्या भाकऱ्या तेव्हाच थापून घ्याव्या. ज्वारीची भाकरी नीट भाजून, पूर्ण निववून, सुती फडक्यात गुंडाळून ठेवली तर रात्री ताकाबरोबर उत्तम लागते. ज्यांच्याकडे गव्हाशिवाय चालत नाही त्यांनी दशम्या कराव्या. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवली की दशमी रात्रीपर्यंत मऊ राहते. पूर्वी प्रवासाला हीच शिदोरी असे. त्याच वेळी वाटीभर फोडणी करून ठेवावी. तेलात मोहरी, हिंग, हळद, थोडे शेंगदाणे घालून ती निवली की कोरड्या बरणीत भरावी. रात्री कोशिंबिरीला किंवा पोह्यांना दोन चमचे घातली की झाले. कढले पुन्हा तापवायला नको.

दुसरी गोष्ट, भाजण्या-दळण्याचे काम फाल्गुनातच उरकणे. आपण पापड-कुरडयांचे वाळवण उन्हाळ्यात करतो, पण भाजणीचे पदार्थ ऊन चढण्यापूर्वी करावेत. मेतकूट, ज्वारीच्या लाह्यांचे पीठ, सातूचे पीठ ही आपली जुनी तयार अन्ने. सातूला आम्ही दोन वाट्या गव्हाला एक वाटी डाळं घेतो. गहू पाण्याचा हात लावून ओलसर करावे, फडक्यात बांधून ठेवावे, मग कोरडे करून खमंग भाजावे, आणि डाळं, थोडे जिरे, वेलदोडा घालून दळून आणावे. रात्री गुळाच्या पाण्यात किंवा दुधात कालवले की लहान मुलांचे पोट भरते. लाह्यांचे पीठ ताकात कालवून, मीठ-जिरे घालून, बारीक चिरलेल्या कांद्याबरोबर खावे. म्हातारी माणसे हे फार आवडीने खातात, कारण ते चावावे लागत नाही.

तिसरी गोष्ट, संध्याकाळी फक्त चिरणे, किसणे, कालवणे. यातले दोन-चार पदार्थ प्रमाणासह सांगते.

दडपे पोहे मूळचे कोकणातले, पण आपल्याकडे छान जमतात. चार माणसांना चार वाट्या पातळ पोहे घ्यावे. एक मोठा कांदा, एक काकडी, एक टोमॅटो बारीक चिरून, अर्धी वाटी कैरीचा कीस, असल्यास ओले खोबरे, मीठ, चिमूटभर साखर, हिरवी मिरची हे सगळे आधी हाताने चुरावे, म्हणजे पाणी सुटते. मग पोहे घालून, ताटली ठेवून वर वजन द्यावे. वीस मिनिटांत पोहे त्या रसातच मऊ होतात. नारळ महाग असेल तर काकडी वाढवावी. सकाळची फोडणी वरून घालावी.

कैरीचा तक्कू आपल्या घरोघरी होतो. कैरी आणि कांदा सारखा किसून, त्यात गूळ, तिखट, मीठ आणि फोडणी. हा तक्कू, सकाळची भाकरी आणि वाडगाभर ताक एवढ्यात पुरुषमाणसाचेही जेवण होते. सोबत जवसाची चटणी किंवा भिवापुरी मिरचीचा ठेचा असला तर भाजीची आठवणही होत नाही.

मुगाची डाळ दोन तास भिजवून, निथळून, काकडी, कैरी, कोथिंबीर घालून कोशिंबीर करावी. डाळीचे सत्त्व पोटात जाते आणि शिजवणे नाही. आणि आंबेडाळ तर तुम्हांला माहीत आहेच. भगिनींनो, जरा विचार करा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपण काय करतो? भिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ, कैरी, पन्हे, कलिंगड, काकडी. ऐन चैत्रात देवीपुढे ठेवतो त्या अन्नात आचेचे काम फारच थोडे. देवीला जे चालते ते घरधन्याच्या ताटात का चालू नये?

आता ज्या भगिनी कामावरून सायंकाळी सातला घरी येतात, त्या म्हणतील, आम्हांला पहाटे एवढा वेळ कुठला? त्यांच्यासाठी गोधडीतला भात सांगते. दोन वाट्या तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवावे. जाड बुडाच्या पातेल्यात चार वाट्या पाणी उकळून त्यात घालावे, घट्ट झाकण ठेवून पाच मिनिटे खळखळू द्यावे आणि गॅस बंद करावा. पातेले वर्तमानपत्रात आणि मग जुन्या जाड गोधडीत चहूबाजूंनी गुंडाळून ठेवावे. पाऊण तास उघडून पाहू नये. भात आपल्या उष्णतेवरच शिजतो. तो निवला की दही, मीठ आणि सकाळची फोडणी. नाहीतर गरम असतानाच मेतकूट आणि तूप. गॅस लागतो दहा मिनिटांचा, आणि त्या पाऊण तासात बाईला अंघोळ करून कूलरपुढे बसता येते. ज्या दिवशी वरण हवेच असेल त्या दिवशी कुकरमध्ये वरण, भात, बटाटे एकदमच लावावे, आणि शिटी उचलून वाफ घरात सोडू नये; कुकर आपोआप निवू द्यावा. हवेत वाफ भरली की घाम वाळत नाही आणि जीव जास्त घाबरा होतो. कूलर लावला असेल तर समोरची खिडकीही थोडी उघडी ठेवावी, ती याच कारणासाठी.

आता सावधगिरीचे बोलते, कारण थंड अन्न म्हणजे नासके अन्न असे होता कामा नये. कोरडे टिकते, ओले टिकत नाही, हे सूत्र लक्षात ठेवावे. भाकरी, दशमी, चटणी रात्रीपर्यंत राहील; सकाळचे वरण, उसळ, रस्सा बाहेर ठेवून रात्री वाढू नये. भाताच्या बाबतीत तर फार जपावे. तांदळात एका जातीचे जंतू असतात, ते शिजवूनही पुरते मरत नाहीत. भात उबेत राहिला की ते वाढतात, आणि त्यांचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट ताटात निववून तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिज नसेल तर उरेल इतका करूच नये. या दिवसांत दही चार-पाच तासांत लागते, ते रात्रभर ओट्यावर विसरू नये. भिजवलेली डाळही चार तासांपुढे बाहेर नको, आंबते. रक्तदाबाच्या माणसांना ताकात मीठ बेताने द्यावे.

आणि कुणाचे अंग फार तापले, डोके भणभणू लागले, बोलणे असंबद्ध झाले, तर "पित्त झाले असेल" म्हणून निजवून ठेवू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि १०८ वर फोन करा.

आता शेवटची आणि सर्वांत अवघड गोष्ट. पदार्थ सोपे आहेत, घरच्यांना पटवणे अवघड आहे. पहिले आठ दिवस आमच्याकडेही "हे काय आजाऱ्याचे जेवण" असे झाले. मामंजी ताट पुढे ओढून नुसते बसून राहत. एके दिवशी सासूबाईंनी त्यांच्या पुढ्यात भाकरी ताकात कुस्करली, वर कांदा फोडून ठेवला आणि म्हणाल्या, "शेतावर होतो तेव्हा वैशाखात काय जेवत होतात?" मामंजी हसले. त्यांना आठवले, की गरम फुलका ही शहरात आल्यावरची सवय. तेव्हापासून कांदा फोडायचे काम ते स्वतः करतात.

भगिनींनो, आपल्यातल्या कित्येकजणी आता सासवा झाल्या आहेत, होणार आहेत. घरात रात्रीचा तवा बंद करा असे सून म्हणाली तर त्याला आळस म्हणतात. तेच सासू म्हणाली तर ती घरची रीत होते. म्हणून माझी विनंती सुनांना नाही, सासवांना आहे. यंदाच्या चैत्रापासून मृगापर्यंत हा शब्द तुम्ही उच्चारा. अन्न हे पूर्णब्रह्म खरे, पण ते करणारीचाही जीव आहे, आणि घरातले सर्वांत तापलेले ठिकाण तिच्या वाट्याला आलेले आहे.